सारस गणनेचा आकडा: काय सांगतो, काय लपवतो

दर जूनमध्ये गोंदियात एक बातमी हमखास येते, 'यंदा सारस इतके.' आकडा घटला की चिंता, दोनने वाढला की आनंद. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा हेच आकडे ओळीने मांडून आलेख काढला होता. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "हे पक्षी मोजलेत, की दिसलेले पक्षी मोजलेत?" मला उत्तर देता आलं नाही. रिसर्चच्या तयारीला लागलेल्यांसाठी तोच प्रश्न इथे मांडतोय.

आधी श्रेय द्यायला हवं. 'सेवा' संस्था, वनविभाग आणि गावागावांतले स्वयंसेवक पहाटे तलाव आणि बांध्यांवर बसून ही गणना करतात. जून निवडण्यामागे कारण आहे. पाणी आटलेलं असतं, उरलेल्या पाण्याजवळ सारस गोळा होतात आणि पावसाळी वीण अजून सुरू झालेली नसते. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ याच भागात, आणि अलीकडे जिल्ह्याचा आकडा चाळिशीच्याही खाली आहे. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली. म्हणजे या आकड्यावर निर्णय होतात. म्हणूनच तो तपासायला हवा.

पहिली अडचण, न दिसलेले पक्षी. समजा, खरे सारस 34 आहेत, म्हणजे 17 जोड्या, आणि प्रत्येक जोडी दिसण्याची शक्यता 90 टक्के. मग सरासरी 30 ते 31 पक्षीच मोजले जातील. सारस जोडीने फिरतो, त्यामुळे एक जोडी चुकली की दोन पक्षी गेले. एकही पक्षी मेला नसताना एका वर्षी 32 आणि पुढच्या वर्षी 28 येऊ शकतात. सलग अनेक वर्षांची घसरण मात्र अशी झटकून टाकता येत नाही. एका वर्षाच्या फरकावर मथळा करणं चुकीचं, इतकंच माझं म्हणणं.

दुसरी अडचण, हद्द. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. सारसाला राज्याची सीमा कळत नाही. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एकत्र वाचल्याशिवाय 'कमी झाले' की 'पलीकडे गेले' हे ठरत नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वीण. सारस दीर्घायुषी पक्षी आहे. पिल्लं जगत नसली तरी मोठे पक्षी बरीच वर्षं दिसत राहतात आणि आकडा आपल्याला गाफील ठेवतो. म्हणून रोवणीनंतर धानाच्या बांधीत किंवा बोडीत झालेल्या घरट्यांचा हिशोब वेगळा हवा. त्यातही एक फसगत आहे. अंडी उबायला साधारण महिना लागतो. 32 दिवस धरा आणि घरटं रोज टिकण्याची शक्यता 98 टक्के धरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकणारी घरटी निघतात जेमतेम 52 टक्के. पण घरटं आपल्याला 22 दिवसांनंतर सापडलं, तर उरलेले दहा दिवस काढणारी घरटी 82 टक्के! आधीच मोडलेली घरटी आपण पाहिलीच नाहीत. हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी 1961 मध्ये यावर साधा उपाय दिला: घरटी मोजू नका, घरटं आपल्या नजरेखाली किती दिवस होतं ते मोजा.

हे करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. घरटं कधी सापडलं, शेवटचं शाबूत कधी दिसलं, मोडलं तर कशाने, या नोंदी वहीत पुरतात. आणि त्या सगळ्यात चांगल्या ठेवू शकतो तो ज्याच्या बांधीत घरटं आहे तो शेतकरी. तो तसाही रोज शेतावर जातो. आपण वारंवार जवळ गेलो तर पक्षीच बिथरतो. अंडी फुटली म्हणजे काम झालं असंही नाही, पिल्लू उडायला जवळपास तीन महिने लागतात. तोवर कुत्री आहेत, वीजतारा आहेत, कीटकनाशकं आहेत.

प्रपोजल लिहिताना तयार आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती माणसांनी, किती वेळ, किती ठिकाणी पाहिलं? जिथे काहीच दिसलं नाही तिथली शून्यं लिहिली का? आणि पिल्लं उडेपर्यंत कोणी पाहिलं का? उत्तरं मिळाली नाहीत तर गणनेला नावं ठेवू नका. पुढच्या जूनमध्ये पहाटे बांधावर जाऊन बसा आणि नोंदवहीत हे तीन रकाने वाढवा.