वास्को द गामाचा वाटाड्या आणि रोजनिशीतली गाळलेली जागा

‘पोर्तुगीज प्रवासवर्णनांमधली स्थानिक माणसं’ असा माझ्या पीएचडीचा विषय आहे. तो ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वास्को द गामाला भारताची वाट दाखवणारा तो गुजराती खलाशी खरंच होता का हो? काही जण गुजरातीच्या जागी अरब म्हणतात. दोन्हीकडे एकेक नाव तयार असतं. आज त्या नावांकडे वळण्याआधी आपण मूळ मजकूर वाचू. त्यात काय लिहिलंय, काय गाळलंय आणि त्या गाळलेल्या जागेत आपण नंतर काय काय भरलं, हे एकदा नीट बघायला हवं.

गामाच्या पहिल्या सफरीची, जहाजावर असलेल्या माणसाने लिहिलेली सविस्तर हकीगत एकच टिकली आहे. लेखकाने स्वतःचं नाव दिलेलं नाही. आल्वारो व्हेल्यो हे नाव बहुतेक ठिकाणी सापडेल, पण ते अनुमान आहे. मूळ वही हरवली. तिची एक जुनी नक्कल कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात राहिली आणि ती आता पोर्तू शहराच्या ग्रंथालयात आहे. छापून आली ती थेट १८३८ मध्ये, आणि रेव्हनस्टाइनचं इंग्रजी भाषांतर आलं १८९८ मध्ये, सफरीला चारशे वर्षं झाली तेव्हा. मजकूर २५ एप्रिल १४९९ च्या नोंदीपाशी, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, मध्येच तुटतो.

ही रोजनिशी मला आवडते, हे आधी सांगून टाकते. दरबारी इतिहासकाराचा तोरा तिच्यात नाही. कालिकतच्या सामुरीसाठी गामाने काय नजराणा काढला, त्याची यादी लेखक सरळ देतो: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, चार लाल शिरटोप, सहा हॅटी, पोवळ्याच्या चार माळा, हात धुण्याच्या सहा भांड्यांची पेटी, साखर, तेल आणि मध. ते बघून सामुरीची माणसं हसली, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो म्हणाली, हेही तो लपवत नाही. आपल्या कप्तानाची फजिती इतक्या मोकळेपणाने नोंदवणारा माणूस खोटारडा वाटत नाही. म्हणूनच त्याला जे दिसलंच नाही, ते जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवू.

गामाची जहाजं २४ एप्रिल १४९८ रोजी पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाली आणि १८ मे रोजी त्यांना मलबारचे डोंगर दिसले. म्हणजे अख्खा अरबी समुद्र साधारण तेवीस दिवसांत पार. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ती ५ ऑक्टोबरला सुटली आणि आफ्रिकेचा किनारा दिसला २ जानेवारी १४९९ ला. तीन महिन्यांना तीन दिवस कमी, असा हिशेब रोजनिशीच देते. या परतीच्या टप्प्यात स्कर्व्हीने तीसेक माणसं मेली. जहाज चालवण्याइतकी ताकद असलेले दर जहाजावर सात-आठ जणच उरले होते. पुढे तीन जहाजांना माणसं पुरेनात म्हणून ‘साव राफाएल’ जाळून टाकावं लागलं.

समुद्र तोच, जहाजं तीच, कप्तानही तोच. मग तेवीस दिवसांचे एकोणनव्वद कसे झाले?

उत्तर वाऱ्यात आहे. एप्रिलच्या अखेरीस अरबी समुद्रावर नैऋत्येचा वारा धरू लागतो. तो अजून पिसाळलेला नसतो, आणि आफ्रिकेहून मलबारला जायला हाच काळ सोयीचा. जून ते ऑगस्ट आपला पश्चिम किनारा बंद. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात घालू नये, हे कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा. उलट दिशेने जायचं तर ईशान्येचा वारा लागतो आणि तो नीट बसायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. गामा निघाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. एक वारा संपलेला, दुसरा आलेला नाही. कालिकतमध्ये संबंध बिघडले होते, अंजदीवला हल्ल्याची धास्ती होती, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. पण समुद्राला त्याचं काय! कधी वारा पडलेला, कधी उलटा, असं लेखक नोंदवत जातो. आफ्रिका दिसली तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे सांगू शकणारा वाटाड्या जहाजावर नव्हता, असंही तो लिहितो.

जातानाच्या तेवीस दिवसांत मात्र तो होता.

तो आला कसा, हेही रोजनिशीत आहे. मालिंदीचा राजा वाटाड्या पाठवतो म्हणाला होता, पण दिवस जात होते. राजाचा एक विश्वासू माणूस निरोप घेऊन जहाजावर आला, तेव्हा गामाने त्यालाच अडकवून ठेवलं आणि वाटाड्या मागितला. वाटाड्या आला, मग त्या माणसाची सुटका झाली. एवढ्या महत्त्वाच्या पाहुण्याचं वर्णन लेखक एका शब्दात उरकतो: ख्रिस्ती. नाव नाही, गाव नाही, वय नाही. पुढे मलबारचा किनारा लागल्यावर तो डोंगर ओळखताना दोन-तीनदा दिसतो आणि मग मजकुरातून नाहीसा होतो.

‘ख्रिस्ती’ या शब्दावरही फार विसंबता येत नाही. या लेखकाला मालिंदीत भेटलेले, लांब दाढीचे, केसांच्या वेण्या घालणारे आणि गोमांस न खाणारे भारतीयही ख्रिस्तीच वाटले. कालिकतचं देऊळ त्याला चर्च वाटलं, आणि भिंतीवरच्या चार-पाच हातांच्या मूर्ती संत. त्याच्या लेखी जगात दोनच खाती होती, मुसलमान आणि ख्रिस्ती. जो पहिल्यात बसत नाही तो आपोआप दुसऱ्यात. त्यामुळे वाटाड्या हिंदू असू शकतो, आणखी कुणी असू शकतो. मजकूर त्यापलीकडे आपल्याला नेत नाही.

इथून पुढे नाव भरण्याचा खेळ सुरू होतो.

पन्नासेक वर्षांनी पोर्तुगीज इतिहासकार लिहू लागले. कास्तान्येदाच्या ग्रंथात (१५५१) वाटाड्या गुजराती आहे आणि त्याचं नाव ‘कनाका’सारखं काहीतरी. बारोसच्या ग्रंथात (१५५२) तो गुजरातचा मुसलमान आहे, ‘मालेमो काना’. बारोस एक छान तपशील देतो: गामाने त्याला मोठं लाकडी ॲस्ट्रोलेब दाखवलं, तर त्याला काहीच नवल वाटलं नाही. पण ही दोन ‘नावं’ नीट बघा. ‘मालेमो’ म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, जाणकार. जहाजाची वाट ठरवणाऱ्याला हिंदी महासागरात हाच शब्द होता, आणि गुजरात-कच्छकडचा ‘मालम’ त्यातूनच आला. ‘कनाका’ हा ‘गणक’ असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर हाती उरलं काय? जाणकार गणक. म्हणजे हुद्दाच दोनदा सांगितला आणि माणूस परत निनावीच राहिला.

दुसरं नाव अहमद इब्न माजिदचं. हा खरोखरच मोठा माणूस. नौकानयनावरचा त्याचा अरबी ग्रंथ गामा येण्याच्या काही वर्षं आधी लिहून झाला होता. पण त्याचा गामाशी संबंध जोडणारा मुख्य आधार म्हणजे मक्केत राहणाऱ्या कुत्बुद्दीन नहरवालीचा इतिहास. तो सफरीनंतर सत्तरेक वर्षांनी लिहिलेला आहे, आणि त्यात दारू पाजून वाट काढून घेतल्याची कथा आहे. १९२० च्या दशकात गाब्रिएल फेराँ या फ्रेंच विद्वानाने हा दुवा जगभर पोचवला. पुढे इब्न माजिदचा अनुवाद करणाऱ्या टिबेट्सने तो अमान्य केला. रोजनिशीत नाव नाही, पोर्तुगीज इतिहासकार अरबाऐवजी गुजराती म्हणतात, आणि एवढा नामवंत माणूस असा हाताशी सापडला असता तर कुणी ते मिरवल्याशिवाय राहिलं नसतं.

तिसरं नाव कच्छमधल्या मांडवीच्या कानजी मालमचं. ते हल्ली फॉरवर्ड होत होत आपल्यापर्यंत येतं. ‘काना’ आणि ‘मालम’ यांची सांगड घातली की ते तयार होतं. ऐकायला गोड आहे, पण समकालीन कागद त्यामागे नाही.

माझा आक्षेप पुराव्याच्या पलीकडेही आहे. शाळेच्या पुस्तकातला एकटा नायक काढायचा आणि त्या जागी आपला एकटा नायक बसवायचा, तर चौकट तीच राहते. नैऋत्येचा वारा कधी धरतो हे कुण्या एका हुशार माणसाला सुचलेलं नव्हतं. मालिंदी, गुजरात, मलबार, अरबस्तान इथल्या खलाशांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ते रोजचं ज्ञान होतं. मालिंदीच्या राजाला वाटाड्या देता आला, कारण बंदरात असे लोक होते. त्या दिवशी दुसरा कुणी मालम आला असता तरी जहाजं मलबारलाच लागली असती.

म्हणून गामाने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दच्या सांतियागो बेटावरून ३ ऑगस्ट १४९७ ला निघून त्याची जहाजं अटलांटिकमध्ये लांब वळसा घेत गेली. जमीन दिसली ती ४ नोव्हेंबरला. तीन महिने किनाऱ्याविना काढून दक्षिण आफ्रिकेजवळ नेमकं पोचणं हे पोर्तुगीजांचं स्वतःचं कसब होतं आणि त्याचं श्रेय त्यांचंच. अटलांटिकचे वारे त्यांना कळत होते, अरबी समुद्राचे कळत नव्हते. एवढं साधं वाक्य लिहायला आपल्याला इतकं जड का जातं?

अंजदीववरचा एक प्रसंगही इथे जोडून वाचायला हवा. जहाजं तिथे थांबली असताना चाळिशीचा एक माणूस आला. तो व्हेनिसची भाषा अस्खलित बोलत होता. गोव्यात तेव्हा विजापूरच्या यूसुफ आदिलखानाचा अंमल होता आणि हा माणूस त्याच्याच पदरी असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. संशय आल्यावर त्याला जहाजावर फटके मारून बोलतं केलं आणि पोर्तुगालला नेलं. तिथे बाप्तिस्मा देऊन त्याचं नाव गास्पार द गामा ठेवलं. १५०० मध्ये काब्रालच्या ताफ्यात तो दुभाषा म्हणून पुन्हा निघाला. त्याला इतिहासात नाव मिळालं, पण तेही पकडणाऱ्याचं आडनाव. मालिंदीचा वाटाड्या ओलीस धरून मिळवला होता, याला फटके मारून मिळवलं. रोजनिशीचा लेखक दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे लिहितो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रवासाच्या सामानातच मोडत होत्या.

मराठीत ‘शोध लावणं’ आणि ‘शोध घेणं’ यांत आपण नेहमी फरक करतो. गामाच्या बाबतीतही तो केला तर बरंच धुकं निवळतं. पोर्तुगीजांनी वाटेचा शोध घेतला, तिचा शेवटचा टप्पा त्यांनी जबरदस्तीने मिळवलेल्या माणसाकडून विचारून घेतला, आणि परतताना विचारायला कुणी नव्हतं तेव्हा त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली. वाटाड्याचं नाव आपल्याला माहीत नाही. ती जागा रिकामीच ठेवावी, आणि पाठ्यपुस्तकात तिच्याशेजारी ते दोन आकडे छापावेत: तेवीस आणि एकोणनव्वद.