निकाल अल्बमचा की निकषाचा?

रॉक किंवा पॉप संगीताचा नवा अल्बम आला की अमेरिका-इंग्लंडमधले समीक्षक त्याचा निकाल लावतात. कुणी तारे देतो, कुणी श्रेणी, कुणी गुण. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात अल्बमना शाळेतल्यासारख्या अक्षरी श्रेणी द्यायला सुरुवात केली. पुढे 'पिचफोर्क'ने शून्य ते दहा असे गुण दिले, तेही दशांश चिन्हासह. मी शिक्षक आहे. उत्तरपत्रिका तपासणे हे माझ्या पोटापाण्याचे काम आहे. म्हणून या गुणांविषयी मला एक साधा प्रश्न पडतो. ही प्रश्नपत्रिका काढली कुणी? आणि आदर्श उत्तर कुणाच्या वहीतून घेतले?

रसिकतेला वर्ण नसतो, वर्ग नसतो, असे प्रस्थापित समीक्षक सांगत आले आहेत. हे विधान तपासून पाहण्यासाठी एकच अल्बम घेऊ. मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' मे १९७१ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीने प्रसिद्ध केला. व्हिएतनामच्या युद्धावरून घरी परतलेल्या काळ्या सैनिकाच्या नजरेतून पाहिलेले शहर हा या अल्बमचा विषय आहे. बेकारी, मादक द्रव्ये, विषारी झालेली हवा, वस्तीतली पोरे हे सारे त्यात येते. एक गाणे संपते न संपते तोच दुसरे सुरू होते; कारण त्या वस्तीत एक दुःख संपून दुसरे सुरू होण्याच्या मध्ये मोकळी जागा नसते. मोटाऊनचे मालक बेरी गॉर्डी स्वतः काळे होते. तरी शीर्षकगीत बाजारात आणायला ते प्रथम राजी नव्हते. प्रेमगीते खपत असताना हे कशाला, हा व्यापाऱ्याचा सवाल होता. वर्षानुवर्षे मोटाऊनची गाणी उभी करणाऱ्या वादकांची नावे कंपनीने आपल्या अल्बमवर छापली नव्हती. ती या अल्बमवर आली. ज्यांच्या हातांनी वाडा उभा राहतो त्यांची नावे कोनशिलेवर नसतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता निकाल पाहा. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली. पहिला क्रमांक बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ला मिळाला. पहिल्या दहांत बीटल्सचे चार अल्बम, बॉब डिलन यांचे दोन. काळा कलावंत एकच, सहाव्या क्रमांकावरचे मार्विन गे. स्त्री एकही नाही. २०२० साली हीच यादी नव्या मतदारांकडून नव्याने करून घेतली. 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर्स' चोविसाव्या क्रमांकावर गेला. लॉरिन हिल यांचा १९९८ चा अल्बम जुन्या यादीत तीनशेच्या पलीकडे होता. तो दहावा आला.

मधल्या सतरा वर्षांत त्या अल्बमांतला एक सूरही बदललेला नव्हता. बदलले होते ते पंच. म्हणजे २००३ साली जो निकाल अल्बमचा म्हणून छापला गेला, तो वस्तुतः परीक्षकांच्या जीवनानुभवाचा निकाल होता. कुणी म्हणेल की २०२० चा निकालही तसाच आहे. आहेच. फरक इतकाच की पहिल्याला कुणी पक्षपात म्हटले नाही. त्याला अभिरुची म्हटले गेले.

सारे गोरे समीक्षक बहिरे होते असे मी म्हणणार नाही. 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाच्या अत्यंत जहाल अल्बमला १९८८ च्या 'व्हिलेज व्हॉइस'च्या मतदानात समीक्षकांनीच वर्षातला पहिला क्रमांक दिला होता. तेव्हा प्रश्न व्यक्तींच्या दुष्टपणाचा नाही. तो निकषाच्या मालकीचा आहे.

ही मालकी किती सहज बोलून जाते ते २०२३ साली दिसले. 'रोलिंग स्टोन'चे एक संस्थापक यान वेनर यांनी रॉक संगीतातल्या श्रेष्ठींच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. सातही जण गोरे पुरुष. असे का, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विचारले, तेव्हा काळ्या कलावंतांना त्या पातळीवर आपले म्हणणे मांडता येत नव्हते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्या ओघात त्यांनी नाव घेतले ते मार्विन गे यांचेच! वेनर यांनी स्थापन केलेल्या नियतकालिकाने तीनच वर्षांपूर्वी ज्याला पहिला क्रमांक दिला, त्याला म्हणे बोलता येत नव्हते. वेनर यांनी पुढे माफी मागितली आणि 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या प्रतिष्ठानाच्या मंडळावरून त्यांना दूर करण्यात आले. माणूस दूर झाला. पण ते वाक्य एका माणसाचे नव्हते.

ते आपल्या ओळखीचे आहे. 'अनुभव दाहक आहे, पण कलात्मक संयम नाही.' 'दस्तऐवज म्हणून मोल आहे, साहित्य म्हणून नाही.' दलित लेखकाच्या वाट्याला हा शेरा किती वेळा आला! अनुभव तुमचा, पण त्याची कला झाली की नाही हे ठरवणार आम्ही, अशी ही वाटणी आहे. अमेरिकेत तिच्यावर नेमके बोट ठेवले ते लीरॉय जोन्स यांनी. हेच पुढे अमिरी बराका झाले. गोऱ्या समीक्षकांच्या जॅझ-समीक्षेवरचा त्यांचा लेख १९६३ साली 'डाउन बीट' या नियतकालिकात आला. काळ्यांचे संगीत ज्या जीवनदृष्टीतून जन्मते ती वगळून नुसते सूर मोजणारी समीक्षा त्या संगीताला पारखी राहते, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी आपल्याकडे बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह प्रसिद्ध झाला. हा योगायोग असेल. पण १९७२ साली मुंबईत तरुणांनी 'ब्लॅक पँथर'वरून आपल्या संघटनेचे नाव घेतले आणि डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो वाङ्मयाकडे आपल्या लेखकांचे लक्ष वेधले, हा योगायोग नव्हता. वेदनेचे नाते त्यात होतेच. निकषाविरुद्धच्या नकाराचे नातेही होते.

मात्र निकष आपल्या हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी ऐकत मी वाढलो आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत अभ्यासक्रमात वामनदादा कर्डक मला भेटले नाहीत. ही उपेक्षा खरी आहे. पण भीमगीतांचा जो प्रचंड साठा आपल्यापाशी आहे, त्याची चिकित्सा आपण तरी कितीशी केली? कोणते गाणे विचार पुढे नेते, कोणते नुसते नाव घेऊन टाळी मिळवते, कुठे चाल शब्दांना तोलते आणि कुठे सिनेमाची चाल शब्दांना गिळते, हे आपणच सांगायला हवे. 'आपल्या माणसाचे म्हणून उत्तम' हीसुद्धा समीक्षा नव्हे. ती दुसऱ्या टोकाची दयाच आहे. आणि दया घ्यायची नाही हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.

क्रमांक वर गेल्याचा आनंद मी नाकारत नाही. पण क्रमांक जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. म्हणून नव्या अल्बमवरचा असो की नव्या कवितासंग्रहावरचा, कोणताही निकाल वाचताना आपण निकाल देणाऱ्याला विचारावे: या कृतीमागचे जगणे तुला किती ठाऊक आहे? तुझा निकष कुठून आला? आणि तो तू आपल्या लाडक्या कृतीलाही लावतोस का? या प्रश्नांना जो सामोरा जाईल त्याने खुशाल कमी गुण द्यावेत. ते आपण मान खाली न घालता वाचू.