आडनाव नसलेला विदूषक: 'शोकोला' चित्रपट पाहताना

"सर्कशीवर पीएचडी म्हणजे तू नक्की वाचतेस तरी काय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळ आडनावं वाचते.

युरोपातल्या सर्कशीचा इतिहास घराण्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेलाय. फ्रान्समधले फ्रांकोनी, रान्सी, इटलीचे कियारिनी. (विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत जी विलायती सर्कस पाहून स्वतःची सर्कस काढली, ती याच कियारिनींची.) घराण्याकडे जुन्या जाहिराती असतात, फोटो असतात, आजोबांच्या गोष्टी सांगणारी नातवंडं असतात. पण ज्याला घराणंच नाही, त्याचं काय होतं? म्हणून आज रोशदी झेम यांच्या 2016च्या 'शोकोला' या फ्रेंच चित्रपटाबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. राफाएल क्यूबात 1868च्या सुमारास गुलामगिरीत जन्मला. लहानपणी त्याला स्पेनमध्ये आणलं. तिथून तो पळाला, मोलमजुरी केली, आणि बिलबाओत टोनी ग्राइस या इंग्रज विदूषकाने त्याला हाताखाली घेतलं. 1886मध्ये तो पॅरिसच्या 'नुव्हो सिर्क'मध्ये पोहोचला. 'शोकोला' हे त्याचं रिंगणातलं नाव. पुढे जॉर्ज फुटिटबरोबर त्याची जोडी जमली: फुटिट पांढरं तोंड रंगवलेला, हुकूम सोडणारा विदूषक आणि शोकोला मार खाणारा. फुटिट इंग्लंडच्या सर्कस-कुटुंबातला, वडिलांची स्वतःची सर्कस होती. म्हणजे एकाकडे आडनाव आणि दुसऱ्याकडे ते नाहीच!

चित्रपटातले रिंगणातले प्रसंग अप्रतिम आहेत. ओमार सी आणि जेम्स तिएरे यांच्यातली वेळेची जाण बघण्यासारखी आहे. तिएरे स्वतः सर्कशीच्या घरातला, चार्ली चॅप्लिनचा नातू. या भूमिकेसाठी त्याला सेझार पुरस्कारही मिळाला. थप्पड मारणाऱ्याइतकंच कसब ती खाणाऱ्याकडे लागतं, हे इथे डोळ्यांना दिसतं.

माझी तक्रार कथेबद्दल आहे. चित्रपट 1897मध्ये, एका गावखात्याच्या सर्कशीत सुरू होतो. राफाएल तिथे नरभक्षकाचं सोंग करतोय. फुटिट त्याला हेरतो, शिकवतो, पॅरिसला नेतो. पण खरा राफाएल 1888मध्येच 'शोकोलाचं लग्न' या मूकनाट्याचा नायक म्हणून पॅरिसमध्ये गाजला होता. तेव्हा फुटिटबरोबरची जोडी जमायला अजून काही वर्षं होती. म्हणजे वंशद्वेषाविरुद्ध बोलणारा हा चित्रपट नकळत काय करतो? काळ्या कलाकाराच्या कर्तबगारीचं श्रेय गोऱ्या जोडीदाराच्या खात्यात टाकतो.

दुसरी गोष्ट नाटकाची. चित्रपटात तो 'ऑथेल्लो' करतो. प्रत्यक्षात 1911मध्ये त्याने केलं ते एदमों गिरो यांचं 'मोईज'. ते नाटक काही चाललं नाही. शेक्सपिअर घेतला की प्रेक्षकाला प्रसंग लगेच कळतो, हे मान्य. पण त्या बदल्यात एका माणसाने खरंच केलेली धडपड पुसली जाते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. फुटिटची मुलं विदूषक झाली, ते रीतीप्रमाणेच. पण राफाएलही आपल्या जोडीदारणीच्या, मारीच्या, मुलाला घेऊन रिंगणात उतरला होता. त्या जोडीचं नाव होतं 'ताब्लेत आणि शोकोला', म्हणजे चॉकलेटची वडी आणि चॉकलेट. ज्याला आडनाव मिळालं नाही, तो स्वतःचं घराणं उभं करू पाहत होता. चित्रपट हा धागा उचलतच नाही. त्याला एकटा, शोकांत नायक हवा आहे.

"सिनेमाच आहे, एवढं काय?" असं तुम्ही म्हणाल. एरवी मीही म्हटलं असतं. पण ज्याच्याबद्दल शंभर पुस्तकं आहेत त्याच्यावरच्या सिनेमात बदल केला, तर पुस्तकं शिल्लक राहतात. राफाएलच्या बाबतीत बहुतेक लोकांसाठी हा सिनेमाच पहिला आणि शेवटचा संदर्भ ठरणार. इतिहासकार जेरार नुआरिएल यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी दफ्तरं चाळून त्याचं आयुष्य जुळवत आणलं. त्यांच्या 2016च्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'नाव नसलेला माणूस' असे शब्द आहेत. 'पादिया' हे आडनाव आज आपण त्याला लावतो, ते त्याच्या मृत्यूच्या नोंदीतलं. 1917मध्ये बोर्दोला तो गेला, तेव्हा रान्सी घराण्याच्या सर्कशीबरोबर फिरतीवर होता. दुसऱ्याच्या आडनावाच्या तंबूत.

तरीही चित्रपट जरूर बघा, आणि शेवटपर्यंत बसा. अखेरीस ल्यूमिएर यांच्या काळातली, खऱ्या फुटिट-शोकोलाची मूळ फीत दाखवतात. तिच्यात फुटिटकडे नका बघू. राफाएल कसा पडतो आणि किती सहज उठतो, तेवढंच बघा. हे त्याला 1897मध्ये कुणी अचानक शिकवलेलं नाही.