एका फळीवरची तीन पुस्तके

दिवाळी अंकाचे संपादक मोठे धोरणी असतात. श्रावण संपण्याच्या सुमारास त्यांचे पत्र येते. त्यात क्षेमकुशल असते, पावसाची चौकशी असते आणि शेवटच्या ओळीत लेखाची मागणी असते. यंदाची मागणी अशी होती, की सरत्या वर्षात मला जे विशेष आवडले त्याविषयी लिहावे. मी मनाशी हिशेब मांडला आणि ओशाळलो. वर्षभरात नवे असे मी फारच थोडे वाचले. जे मनापासून आवडले ते सारे पूर्वी तीन-चारदा वाचून झालेले. पण जुन्या आवडीचीही कधी ना कधी परीक्षा व्हावी लागते. माझी ती यंदा झाली. आणि परीक्षक होत्या आमच्या समोरच्या खोलीतल्या ८४ वर्षांच्या काकू.

झाले असे, की आमची गिरगावातली चाळ यंदा रिकामी झाली. पुनर्विकास हा शब्द इतकी वर्षे कानांवर पडत होता, की तो कधी खरा होईल यावर कोणाचा विश्वासच उरला नव्हता. चैत्रात तो खरा झाला. आम्हाला दादरला भाड्याची जागा मिळाली आणि तिथे माझ्या पुस्तकांच्या वाट्याला एकच फळी आली. काही पुस्तके ग्रंथालयाला दिली, काही भाच्यांना दिली आणि काही—हे लिहिताना अजून हात अडखळतो—रद्दीवाल्याकडे गेली. फळीवर पहिल्याने ठेवली ती तीन पुस्तके: पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’, नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’. एक गिरगावी वळणाचे, दोन गिरणगावातली. तिन्ही माझ्या अत्यंत आवडीची. का आवडीची, असे मला कोणी विचारले असते तर ती आपल्या लोकांविषयी खरे सांगतात, असे मी छातीठोकपणे म्हणालो असतो.

चाळ सोडण्याआधीच्या रविवारी गच्चीवर निरोपाचा कार्यक्रम झाला. ‘वाचणारा माणूस’ अशी माझी मजल्यावर ख्याती असल्यामुळे काहीतरी वाचून दाखवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी ‘बटाट्याची चाळ’मधले शेवटचे प्रकरण, ‘एक चिंतन’, निवडले. वाचन संपले तेव्हा गच्चीवर कोणी बोलेना. दोन-चार पदर डोळ्यांना लागले. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. इतक्यात बटाटेवड्याची बशी हातात घेऊन काकू जवळ आल्या. त्यांनी मला लंगोटात पाहिलेले आहे. माझ्या टीकाकारपणाचे त्यांना यत्किंचितही दडपण नाही. म्हणाल्या, “छान वाचलंस हो. पण काय रे, तुझ्या त्या चाळीत पाणी कोण भरतं?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आमच्या मजल्यावर एक नळ आणि बारा बिऱ्हाडे. पाणी पहाटे येई आणि उजाडता उजाडता जाई. काकूंनी चाळीस वर्षे त्या नळाखाली हंडा लावला, कळशी उचलली आणि मोरीतले पिंप भरले. माझ्या बालपणाच्या आठवणींत गॅलरीतला कॅरम आहे, गणपतीतली नाटके आहेत, कठड्याला ओळीने टांगलेले आकाशकंदील आहेत. आमच्या घरचे पिंपही आहे. पण ते नेहमी भरलेलेच आहे. ते भरणारी माझी आई त्या आठवणीत नाही, कारण त्या वेळी मी झोपलेला असे. काकूंचा प्रश्न पु. लं.ना होता तसाच तो मलाही होता. दादरच्या जागेत आल्यावर मी ती तिन्ही पुस्तके हा एकच प्रश्न हाताशी धरून पुन्हा वाचली. माझ्या यंदाच्या वाचनाचा इतिहास एवढाच.

‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली १९५८ साली. १९६१ पासून पु. ल. ती रंगमंचावर एकट्याने उभी करू लागले. आजही तिचे पहिले पान उघडले की ओठ आपोआप विलग होतात. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर ही मंडळी आपल्या खऱ्या शेजाऱ्यांपेक्षाही अधिक ओळखीची झाली आहेत. ‘उपास’ वाचल्यावर ज्याला आपल्या आप्तेष्टांची आठवण होत नाही, त्याला आप्तेष्टच नसावेत. यंदा मला विशेष जाणवले ते ‘गच्चीसह-झालीच पाहिजे’. त्या दिवसांत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा रस्त्यारस्त्यांवर घुमत होती. तिचेच वजन घेऊन ही बिऱ्हाडे एका गच्चीसाठी चळवळ मांडतात. आपण हसतो ते चळवळीच्या डामडौलाला. पण त्या हसण्याच्या खाली एक गोष्ट आहे: खुराड्यात राहणाऱ्या माणसांना हातभर आकाश हवे आहे. विनोदकाराला टंचाई दिसत नव्हती असे जे म्हणतात, त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

तरीही काकूंचा प्रश्न उरतोच. मंडळे, सहली, शिष्टमंडळे, सांस्कृतिक चळवळ—या साऱ्यांचे पुढारी पुरुष आहेत. बायका आहेत, त्या बोलतात, प्रसंगी पुरुषांचा फुगा टाचणी लावून फोडतात. पण या चाळीचा दिवस सुरू होतो तो बहुधा पुरुष कचेरीतून परत आल्यावर. सकाळी झोपेत असलेल्या माझ्यासारख्या मुलाच्या आठवणीतली ही चाळ आहे. ‘एक चिंतन’ आपल्याला गलबलून टाकते ते त्यामुळेच. गहिवर खोटा नाही. त्याला पहाटेची वेळ ठाऊक नाही, इतकेच.

‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा सुर्व्यांचा पहिला संग्रह त्याआधी चार वर्षे आला होता. कामगार दांपत्याने सांभाळलेले हे पोरके मूल पुढे शाळेत शिपाई झाले आणि मग महापालिकेच्या शाळेत शिक्षक. गिरगावातून लालबागला ट्रामने फार वेळ लागत नसे. पण गिरगावच्या गॅलरीतून दिसणारी मुंबई आणि सुर्व्यांच्या रस्त्यावरची मुंबई यांत मोठे अंतर होते. विशीत ही कविता मी मोठ्याने वाचत असे आणि वाचताना माझाच आवाज मला फार आवडे. यंदा मनात वाचली, तेव्हा तिच्यातला घोष जरा मागे सरला आणि माणसे पुढे आली. काही ठिकाणी कवी जाहीर सभेत बोलतो आहे असे वाटते, आणि तिथे कविता पातळ होते, हे मला आज मान्य करावे लागते. पण ‘तुमचंच नाव लिवा’ ही त्यांची दुसरी एक कविता आठवा. पोराला शाळेत घालायला आलेली बाई. बापाचे नाव काय, या प्रश्नावर ती मास्तरांनाच त्यांचे स्वतःचे नाव लिहायला सांगते. इथे कवी बाईसाठी बोलत नाही. तिला बोलू देतो आणि आपण ऐकतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत सुर्वे स्वतः शिक्षक म्हणून बसलेले होते, म्हणून या ऐकण्याला किंमत आहे.

‘अधांतर’ रंगमंचावर आले १९९७ साली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. संपाने आणि गिरण्यांच्या बंद पडण्याने त्यांच्या घरांत काय झाले, हे जयंत पवारांनी एका खोलीत दाखवले. लिहू पाहणारा बाबा, टोळीकडे ओढला गेलेला नरू, क्रिकेटच्या नादातला मोहन, मंजू आणि या सर्वांच्या मधोमध आई. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. इतक्या जागेत भांडण झाले तर रुसून जायलाही दुसरी खोली नसते. पवार हे जाणतात, आणि त्यांचे नाट्य इथूनच जन्मते. ते लालबाग-परळच्या गिरणीकामगार वस्तीत वाढले, पुढे नाट्यसमीक्षक झाले. पण नाटकात ते कोणाचीही बाजू मांडत बसत नाहीत. माणसे एकमेकांवर ओरडत असतात आणि आई काम करत असते. इथे पाणी कोण भरते, हे विचारावेच लागत नाही. या कसोटीवर तिघांत ‘अधांतर’ पहिले, असा निकाल मी मनाशी देऊन टाकला.

गणपतीत काकूंना भेटायला गेलो. त्या आता परळला मुलाकडे, बाविसाव्या मजल्यावर असतात. खिडकीतून पाहिले तर लालबागच्या पुलावरची गर्दी मुंग्यांसारखी दिसते. त्यांना वाचायला म्हणून मी ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘अधांतर’ देऊन आलो. आणि कोणते आवडले ते सांगा, असेही बजावून आलो. खरे सांगायचे तर माझ्या निकालावर त्यांची सही हवी होती.

नवरात्रात पुन्हा गेलो. काकूंनी ‘अधांतर’ माझ्या हाती ठेवले. “हे ने. खरं लिहिलंय रे. माझ्या भावाचं घर लालबागेत होतं. सगळं पाह्यलंय मी. पुन्हा नको.” ‘बटाट्याची चाळ’ मात्र त्यांच्या उशाशी होती. “हे राहू दे,” म्हणाल्या.

मी जरा चिडूनच विचारले, “मग, पाणी कोण भरतं ते सापडलं का त्यात?”

“नाही सापडलं. पण वाचताना हसू आलं, आणि आठवलं, की नळावर आम्हीही हसायचो. पहाटे चार वाजता. तुमच्यापैकी एकाही पुरुषाला आमचे विनोद कधी कळले नाहीत. ते लिहिलंय का रे कोणी?”

टीका करता करता माझे केस पिकले. पण साहित्यात खरेपणा शोधताना मी नेहमी दुःखाकडे बोट दाखवत आलो, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. ज्याने कष्ट दाखवले तो खरा आणि ज्याने हसवले तो सुखवस्तू, असा माझा सोपा हिशेब होता. काकूंचे म्हणणे निराळे होते. त्यांनी कष्ट केले, आणि कष्ट करतानाच त्या हसल्या. पु. लं.नी चाळीचे हसू लिहिले, पवारांनी चाळीचे कष्ट लिहिले. पण कळशी कंबरेवर असतानाचे हसू माझ्या वाचनात अजून आले नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली गिरणगावाचा जो मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, त्यात स्त्रियांचेही आवाज आहेत. पण इतिहास आपले काम करतो. विनोदाचे काम विनोदानेच करावे लागते.

निघताना काकूंनी स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला. इथे अष्टौप्रहर पाणी आहे. “अजून पहाटे चारला जाग येते,” त्या म्हणाल्या. “उठते, नळ सोडून बघते. येतं. मग झोपते.”

तेव्हा संपादकमहाशय, सरत्या वर्षात मला विशेष आवडले ते काकूंचे हे दोन प्रश्न. माझ्या फळीवर आज दोनच पुस्तके आहेत आणि तिसऱ्याची जागा मी भरलेली नाही. हा अंक फराळाचे डबे भरून झाल्यावर ज्यांच्या हाती पडेल, त्यांत कोणी गिरगावच्या, परळच्या, नायगावच्या नळावर उभ्या राहिलेल्या असतील. त्यांनी मनावर घ्यावे. जागा राखून ठेवली आहे.