कल्पित प्राणिसंग्रहालयाचे नियोजन : ‘प्लॅनेट झू’च्या वास्तवदर्शित्वाची चिकित्सा

प्रस्तावना

जे प्रत्यक्षात कधीही उभे राहणार नाही अशा प्राणिसंग्रहालयाची आखणी करणे हा अनेकांचा छंद आहे. छंदिष्ट जागा ठरवितो, प्राण्यांची यादी करतो, आवारे, खंदक व वाटा रेखाटतो. २००१ मधील ‘झू टायकून’ या खेळाने हा छंद संगणकावर आणला. २०१९ मधील ‘प्लॅनेट झू’ने त्यास वास्तवदर्शित्वाचा दावा जोडला. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन

प्राणिसंग्रहालयाच्या आखणीत दोन दृष्टी संभवतात. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळील स्टेलिंगेन येथे गजांऐवजी प्रेक्षकांना न दिसणारे खंदक योजले. प्राणी मोकळा झाला नाही. तो मोकळा असल्याचा भास मात्र प्रेक्षकाला झाला. याउलट स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ च्या ग्रंथात प्राण्याची बाजू घेतली. जागेच्या विस्तारापेक्षा तिची गुणवत्ता महत्त्वाची, तसेच माणसापासून विशिष्ट अंतर राखणे ही प्राण्याची गरज आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

‘प्लॅनेट झू’मध्ये या दोन्ही दृष्टी आढळतात. त्यातील निसर्गदृश्ये हागेनबेक यांच्या परंपरेतील आहेत. परंतु प्रेक्षकांच्या नजरेने प्राण्याला येणारा ताण, प्रत्येक जातीस लागणारी जमीन, वनस्पती व सोबत यांचा विचार हेडिगर यांच्या दिशेचा आहे. जवळच्या नात्यातील प्रजननाचे दुष्परिणामही खेळाडूला भोगावे लागतात. हे या खेळाचे निःसंशय यश होय.

मर्यादा जाणवते ती अतिरिक्त प्राण्यांच्या प्रश्नात. २०१४ मध्ये कोपनहेगन येथे मारियस हा निरोगी तरुण जिराफ मारण्यात आला, कारण त्याची जनुके युरोपीय प्रजनन कार्यक्रमात आधीच पुरेशी होती. या निर्णयावर जगभर टीका झाली. तथापि त्यामागील पेच खरा होता. खेळात मात्र असा प्राणी एका कळीसरशी निसर्गात सोडता येतो आणि त्याबद्दल संवर्धनाचे गुणही पदरी पडतात.

वास्तव याहून कठोर आहे. बंदिवासात वाढविलेल्या कळपातील अरबी ओरिक्स हरणे १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडण्यात आली. १९९६ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ४५० झाली. पुढे चोरट्या शिकारीमुळे व अधिवासाच्या ऱ्हासामुळे ती ६५ वर आली. ओमानने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटविल्यानंतर २००७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळण्यात आले. प्राणी सोडणे हा शेवट नसून नव्या जबाबदारीचा आरंभ असतो, हे येथे स्पष्ट होते. खेळाने नेमका हाच भाग गाळला आहे.

निष्कर्ष

कागदावर आखणी करणाऱ्याला अशी सोयीची कळ उपलब्ध नसते. वयात आलेले नर कोठे राहतील, कोणत्या जातीचे प्रजनन थांबवावे आणि कोणती जात मुळातच ठेवू नये, याची उत्तरे त्याला नकाशातच द्यावी लागतात. म्हणून कल्पित प्राणिसंग्रहालयाचे वास्तवदर्शित्व त्यातील खडकांच्या हुबेहूबपणावरून ठरत नाही. जागेअभावी कोणते प्राणी नाकारले, यावरून ते ठरते. या कसोटीवर ‘प्लॅनेट झू’ दृश्याच्या बाबतीत समृद्ध, परंतु उत्तरदायित्वाच्या बाबतीत अपुरा ठरतो.