चारिका आणि वर्षावास : वामनदादा कर्डकांच्या गीतांचे मूल्यमापन

आंबेडकरी गीतांची समीक्षा बहुधा छापील पानावरून केली जाते. गीतसंग्रह उघडावा, पुनरुक्ती दाखवावी आणि ‘प्रचारगीत’ असा शिक्का मारून ग्रंथ मिटावा, ही आपल्याकडील रूढ रीत आहे. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यावर या रीतीने अन्याय झाला आहे. त्यांचे गीत मेजावर नव्हे, वाटेवर घडले. त्या फिरतीचा विचार केल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे वामनदादांचे जन्मगाव. पोटासाठी मुंबईत आल्यावर कोळशाची वखार, गिरणी अशी कष्टाची कामे त्यांनी केली. अक्षरओळख झाली ती तरुणपणी, शिवडीच्या लेबर कॅम्पात, देहलवी मास्तरांकडून. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि पुढील सहा दशके त्यांचे जीवन म्हणजे एक अखंड दौराच झाला. त्यांच्या पहिल्या संग्रहाचे ‘वाटचाल’ (१९७३) हे नावही या दृष्टीने सूचक आहे.

वामनदादांपूर्वी सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी ही वाट तयार केली होती. जलशात गाण्याबरोबर फार्स होता, सवाल-जवाब होते, पात्रे होती. पुढे हा नाट्यांश मागे पडला आणि गायन पार्टीचा काळ आला. जे काम पूर्वी संपूर्ण संच करी, ते आता एकट्या गीताला करावे लागले. वामनदादांच्या गीतांत संवाद, गोष्ट, उपरोधाचा चिमटा आणि बाईच्या तोंडचे रोखठोक बोल का येतात, याचे उत्तर येथे सापडते. लोप पावलेला जलसा त्यांनी चार कडव्यांत साठवून ठेवला.

पुनरुक्तीच्या आक्षेपाचेही असेच आहे. समोरचा श्रोता दिवसभर राबून आलेला, पुष्कळदा निरक्षर; त्याच्या हाती गीताची प्रत नाही. ध्रुपद वारंवार परतते ते त्याच्या स्मरणासाठी. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याच्या ओठी ते राहिले, तरच विचार घरी पोहोचला. अखेरच्या कडव्यातील ‘वामन’ ही नाममुद्राही केवळ संतपरंपरेचे अनुकरण नव्हे. गीत कवीच्या आधी पुढच्या गावी पोहोचत असे. कर्तृत्वाची निशाणी त्याने अंगावर बाळगणे आवश्यकच होते. ते कडवे गाळून गाणारा गायक वेळ वाचवीत नाही, कवीला पुसतो.

याचा अर्थ सर्वच गीते सारख्या तोलाची आहेत, असा नाही. येथे बौद्ध वाङ्मयातीलच एक कसोटी उपयोगी पडते. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा तथागत त्याची प्रशंसा करतात. तारेचा स्वर गीतात मिसळतो आणि गीत तारेत मिसळते, एक दुसऱ्यावर मात करीत नाही, हे तिचे कारण. उलट, धम्म लांबलचक गानस्वरात गाण्यातील दोष विनयपिटकात सांगितले आहेत. गाणारा आपल्याच स्वरात गुंततो, हा त्यांतील एक. वामनदादांनी सिनेगीतांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या. जेथे परिचित चालीत अपरिचित विचार बसला, तेथे गीत अजोड झाले. जेथे चालीची लचक वरचढ ठरली किंवा केवळ गौरवाची विशेषणे एकामागून एक आली, तेथे ते उणे पडले. हा भेद करणे म्हणजे दादांचा अवमान नव्हे; आंधळी भक्ती त्यांच्या विचारालाच मानवणारी नाही.

या फिरतीला आपण गौरवाने ‘चारिका’ म्हणतो. बहुजनांच्या हितासाठी, दोघांनी एका वाटेने न जाता, फिरत राहण्याचा आदेश तथागतांनी भिक्खूंना दिला होता, हे खरे. परंतु त्या चारिकेला वर्षावासाची जोड होती. पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी राहत आणि त्यांच्या चार प्रत्ययांची, म्हणजे चीवर, अन्न, निवास व औषध यांची, काळजी उपासक वाहत. शिवाय भिक्खू गृहत्यागी. शाहीर मात्र गृहस्थ. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या आगेमागे त्याला अनेक गावांची बोलावणी येतात. पाऊस लागला की मैदाने ओस पडतात आणि घरची चूल मात्र तशीच पेटवावी लागते. त्याची चारिका आपण मागून घेतली, त्याच्या वर्षावासाची जबाबदारी कोणी घेतली?

१९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन समाजाने वामनदादांचा सन्मान केला, हे उचितच झाले. परंतु त्यांच्या गीतांची संख्या हजारांत सांगितली जात असता, छापील संग्रहांत तिचा एक अंशच आढळतो. उरलेली गीते गावोगावच्या गायकांच्या वह्यांत व वृद्धांच्या कंठात आहेत. ती चाल, स्थळ आणि प्रसंग यांच्या नोंदीसह उतरवून घेणे हे विहारांचे कर्तव्य आहे. आणि आज जो गायक जयंतीच्या मंचावर उभा राहतो, त्याला हार घालण्यापूर्वी त्याच्या पावसाळ्याची तरतूद विचारावी. दानपारमितेचा अर्थ याहून वेगळा नाही.