आधी शब्द, मग साथ

गेल्या हनुक्काच्या संमेलनात आपल्या काही तरुण मुलामुलींनी मराठी कविता वाद्यसंगीताच्या साथीने सादर केल्या. गाऊन नव्हे, नुसत्या बोलून. इथे जन्मलेली ही मुले मराठी कविता तोंडपाठ करून आली, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक. परंतु मागच्या रांगेत बसलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांना निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

हा प्रकार अगदी नवा आहे, असे निवेदकांनी सांगितले. तसे नाही. लँग्स्टन ह्यूज या अमेरिकन कवींची जॅझच्या साथीने म्हटलेल्या कवितांची तबकडी १९५८ सालची आहे. नातवाने ती मला ऐकविली; ह्यूज कुठेही घाई करीत नाहीत. आणि आपल्याला एवढे दूर जायलाही नको. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्याच बेने इस्राएल मंडळींनी कीर्तने सुरू केली होती.

लहानपणी ऐकलेले योसेफाचे कीर्तन मला आठवते. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, त्या जागी कीर्तनकार गाणे सोडून साध्या बोलण्यावर आले. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला, तबलजीने हात उचलला. शब्द आमच्या मनात उतरला, तेव्हाच तबला पुन्हा बोलला. साथीदारांची नजर सारा वेळ कीर्तनकारांच्या तोंडाकडे होती.

संमेलनात मात्र संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. ते कोणासाठी थांबत नाही. एक मुलगी जरा अडखळली आणि पुढच्या चार ओळी तिला धावत म्हणाव्या लागल्या. मी जन्मभर रुग्णांची नाडी पाहिली. घड्याळाने नाडी मोजायची असते. घड्याळाबरोबर चाल, असे नाडीला सांगायचे नसते.

शिवाय आपल्या मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ओळ संपता संपता वाद्ये चढली, की माणूस आला की गेला हेच कळत नाही. घरात मराठी क्वचितच कानावर पडणाऱ्या नातवंडांनी मग काय समजावे?

तेव्हा मुलांनो, हा उपक्रम सोडू नका. पुढच्या वेळी पेटी वाजविणारा जिवंत माणूस शेजारी बसवा. पहिली तालीम साथीशिवाय करा आणि मागच्या रांगेत एखाद्या आजीला बसवा. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तिला ऐकू आला, की मग खुशाल सूर धरा.